कमलापूरच्या अलीकडचा उतार

आमचा धंदा मंडपाचा. चिटगुप्प्यात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत गोडाऊन आहे, त्यात लोखंडी पाईप, पत्रे, पडदे, खुर्च्या, सतरंज्या आणि लग्नाच्या स्वयंपाकाची मोठमोठी भांडी. मंडपाचं मी बघतो. स्वयंपाकाचं माझी थोरली बहीण बघते. तिला मी अक्का म्हणतो, म्हणून गिऱ्हाईकंही अक्काच म्हणतात. ती मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. भाऊजी वारल्यावर ती चिंताकीचं सासर सोडून माझ्याकडं आली. आल्या आठवड्यातच म्हणाली, "तम्मा, मी नुसती बसून खाणार न्हाई." तेव्हापासून आमच्या मंडपाबरोबर तिचा स्वयंपाकही जायला लागला, आणि खरं सांगायचं तर आता लोक स्वयंपाकासाठी येतात आणि मंडपही तुमचाच लावा म्हणतात.

ट्रक मीच चालवतो. जुना घेतलेला आहे, पण मी त्याला जपतो. लग्नसराईच्या आधी एकदा बिदरला नेऊन सगळं तपासून आणतो. मैलूरच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, माझ्याच वयाचे. मी त्यांना भाई म्हणतो, ते मला भाई म्हणतात. गेली कित्येक वर्षं माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. त्या वर्षी शिमगा झाल्यावर क्लच घासत होता म्हणून गाडी त्यांच्याकडं टाकली. क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तो त्यांनी उतरवला, जुनं तेल काढून टाकलं, प्लेट बदलली, गिअरबॉक्स परत चढवला, नवं तेल भरलं. गाडी घेऊन आलो तेव्हा क्लच लोण्यासारखा चालत होता. मी खूश होतो.

त्यानंतर जवळपासच्या दोन-चार ऑर्डरी झाल्या. मग कमलापूरच्या पलीकडं, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातलं लग्न आलं. आमच्यातलंच, बौद्धांचं. मुलीचे वडील शाळेत शिपाई होते, निवृत्त झाले होते, एकुलती एक मुलगी. लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी, पण आदल्या संध्याकाळी हळद, आणि हळदीला पाहुण्यांचं जेवण. म्हणजे आदल्या दिवशी दुपारपर्यंत आम्हाला पोचायलाच पाहिजे होतं. मंडप बांधणारी माझी माणसं पहाटेच्या बसनं पुढं गेली. मागून मी आणि अक्का ट्रकनं निघालो. मागं पाईप आणि पत्रे, त्यावर भांडी, आणि चिटगुप्प्याच्या बाजारातून पहाटे घेतलेली वांगी, कोथिंबीर, कांदे यांची पोती आणि स्वयंपाकाचा किराणा.

हुमनाबाद ओलांडून कलबुर्गीच्या रस्त्याला लागलो आणि गाडीच्या पोटातून एक बारीक आवाज यायला लागला. शिट्टीसारखा, पण शिट्टी नाही. अक्का खिडकीला टेकून डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "कामून वरडायलीय रे गाडी?"

"लोखंडाचा लोड हाय अक्का," मी म्हणालो. पण माझंही लक्ष त्या आवाजातच होतं. थोड्या वेळानं तो आवाज जाड झाला. मग एक वास आला, लोखंड तापल्याचा. पुढं उतार लागतो, उताराच्या खाली एक चहाचं हॉटेल आहे, तिथं गाडी बाजूला घेऊन खाली बघावं असं मी ठरवलं. उतारावर भरलेली गाडी उभी करायला जागाही नव्हती.

उतार सुरू होताना गिअर खाली घ्यायला मी क्लच दाबला. दांडा हलेना. जोर लावला तर हाताला असा झटका बसला की कोपरापर्यंत मुंग्या आल्या. खालून दगड भरडल्यासारखा आवाज आला, आणि मागची चाकं एकदम जाम झाली.

ब्रेक लावला तर गाडी थांबते कशी ते आपल्याला माहीत असतं. ही तशी थांबली नाही. क्लच दाबलेला असूनसुद्धा मागून कुणी धरून ओढल्यासारखी ती घसरत गेली, तिचं मागचं अंग रस्त्यावर आडवं व्हायला लागलं. मी स्टेअरिंग धरून होतो. काय केलं ते आज नीट सांगता येत नाही. रस्त्याच्या कडेला साईडपट्टीचं काम चाललं होतं, तिथं मुरमाचा लांबलचक ढीग होता. पुढची डावी बाजू त्या ढिगात घुसली. मागचे पाईप सरकून केबिनच्या मागच्या पत्र्यावर आदळले, भांडी एकमेकांवर आपटली, आणि सगळं गप्प झालं.

मी अक्काकडं बघितलं. तिचं डोकं समोरच्या डॅशबोर्डला लागलं होतं, कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं, पण ती माझ्याकडंच बघत होती. म्हणाली, "तुला लागलं का?"

"न्हाई."

"मग खाली उतर. गाडीला आग-बिग लागली का बघ."

आग नव्हती. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्समधून धूर निघत होता आणि त्याच्याजवळ हात नेववत नव्हता. तिथंच मला एक गोष्ट विचित्र वाटली. गिअरबॉक्स आत फुटला असेल तर रस्त्यावर तेलाचं थारोळं पाहिजे होतं. खाली एक थेंबही नव्हता. कोरडी माती.

माझे पाय थरथरायला लागले ते तेव्हा. तोपर्यंत मी बरा होतो. मुरमाच्या ढिगावर बसलो आणि उठताच येईना.

रस्त्याच्या पलीकडं केळीची बाग होती, कमलापूरच्या तांबड्या केळीची. तिथून एक गृहस्थ पळत आले. पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात घड कापायचा कोयता तसाच. आधी केबिनमध्ये डोकावले, मग माझ्याजवळ आले. कानडीत काहीतरी विचारलं, मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीवर आले.

"किती माणसं होती?"

"दोघंच, अप्पा. मी आणि बहीण."

"दोघं बरे हाव?"

"व्हय."

"मग झालं," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी मुरमावर बसले. नुसते बसून राहिले, माझा थरकाप थांबेपर्यंत. इतक्या वर्षांत माझ्यावर पुष्कळांनी उपकार केले, पण ते शेजारी बसणं मला सगळ्यात जास्त आठवतं.

मग मी मुलीच्या वडिलांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "गाडी बिघडली, जाम झाली, हलत न्हाई," एवढंच म्हणालो. पलीकडं हळदीला आलेल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, "तुम्ही माणसं कशी हाव?" मी बरे आहोत म्हणालो. "मी येतो," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या आवाजात राग नव्हता, पण माणूस खचल्याचं कळत होतं. एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि दारात मांडवाची एक काठी नाही.

दुसरा फोन बिदरला मिस्त्रींना लावला. त्यांना सगळं सांगितलं, आवाज, वास, जाम झालेली चाकं. तेल नसल्याचंही सांगितलं. ते ऐकल्यावर ते म्हणाले, "मैं आरौं भाई. गाडी को हात नक्को लगाओ."

अप्पा हे सगळं ऐकत होते. फोन झाल्यावर त्यांनी विचारलं, "लग्न कोणत्या गावाला?" मी गावाचं नाव सांगितलं. ते उठले. त्यांच्या वाड्यापाशी, म्हणजे शेतातल्या घरापाशी, ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीत केळीचे घड भरायचं काम अर्धं झालेलं होतं. त्या दिवशी माल कलबुर्गीला जायचा होता. त्यांनी बागेतल्या गड्यांना हाक मारली आणि भरलेले घड परत उतरवायला लावले. बागेच्या सावलीत पाचट टाकून त्यावर एकेक घड ठेवला.

"अप्पा, तुमचा माल," मी म्हणालो.

"केळं उद्या जातील. लग्न न्हाई ना थांबणार," ते म्हणाले. "पाईप काढायला लागा."

आम्ही पाईप काढायला लागलो. थोड्या वेळानं मुलीचे वडील मोटारसायकलवर आले. त्यांनी आधी ढिगात घुसलेली गाडी बघितली, मग अक्काच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी नवीन सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पाईपाचं एक टोक धरलं.

अक्कानं ते बघितलं. "दादा, तुम्ही मुलीचे बाप हाव. तुम्ही घरी जावा, पाहुण्यांत बसा," ती म्हणाली. "मांडव येतो. जेवण बी येतं."

"जेवण कसं येईल अक्का? चुली तिकडं मांडल्यात, भांडी इकडं."

"ते माझ्यावर सोडा."

तिनं काय ठरवलंय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. पहिली ट्रॉली भरून मी अप्पांबरोबर निघालो आणि अक्का मागं राहिली. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं. अनेकदा सांगितलं, म्हणून मी तिथं असल्यासारखं मला ते दिसतं.

तिचा विचार असा होता की भांडी तिकडं पोचून, चूल पेटवून, भाजी चिरून स्वयंपाक करायला संध्याकाळ उलटणार. त्यापेक्षा इथंच शेतात स्वयंपाक करायचा आणि शेवटच्या खेपेला भरलेली भांडी झाकून न्यायची. ती अप्पांच्या घरासमोर गेली. अप्पांच्या घरच्या बाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी अक्काला "बर्री, कूडरी" म्हणत बसायला पोतं टाकलं, कपाळाला लावायला हळद आणली. अक्कानं विचारलं, अंगणात चूल मांडली तर चालेल का. बाई म्हणाल्या, मांडा की. विहीर तिथं आहे, घागर तिथं आहे, पाणी घ्या.

अक्का घागरीपाशी गेली आणि थांबली. आमची आई सांगायची, तिच्या लहानपणी विहिरीवर आपण घागर लावायची नाही, कुणी ओतेल तोवर बाजूला उभं राहायचं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, दिवस बदलले, अक्काला स्वतःला तसं कधी उभं राहावं लागलं नाही. तरी परक्या अंगणात, परक्या घागरीला हात लावताना ती थांबलीच. तिला वाटलं, आधी सांगितलेलं बरं. नंतर कळून यांच्या मनात काही यायला नको.

"आम्ही जयभीमवाले हाव, बाई," ती म्हणाली. "लग्न बी आमच्यातलंच हाय."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "व्हय का," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला पाणी कमी लागतंय का?"

आणि त्यांनी स्वतः उठून एक घागर उचलली, दुसरी अक्काच्या हातात दिली.

मी परत आलो तेव्हा अंगणातल्या चिंचेखाली तीन दगडांच्या मोठ्या चुली पेटलेल्या होत्या. आजूबाजूच्या शेतातल्या बायका जमल्या होत्या. कुणी वांगी चिरत होतं, कुणी कांदा. एक म्हातारी तांदूळ निवडता निवडता अक्काला कानडीत काहीतरी शिकवत होती आणि अक्का मान हलवत होती. येसराच्या आमटीचा वास बागेपर्यंत गेला होता. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, एका मोठ्या कढईत शिजत होती आणि अप्पांच्या घरच्या बाई ती ढवळत होत्या, अक्का त्यांच्या मागं उभी राहून सांगत होती, "खालून, खालून घ्या, लागंल." कपाळावर हळदीचा पिवळा लेप, पदर खोचलेला. सकाळी मरता मरता वाचलेली बाई ती वाटतच नव्हती.

दुपार कलल्यावर मिस्त्री आले. एकटेच, मोटारसायकलवर, मागं हत्यारांची पेटी बांधलेली. तडक गाडीपाशी गेले, चाकांना दगड लावले, खाली पोतं अंथरलं आणि आत सरकले. मी बाहेर उभा होतो. माझ्या डोक्यात राग होता. तो मी दिवसभर दाबून ठेवला होता, कारण कामच तेवढं होतं. आता त्यांचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसत होते आणि मला वाटत होतं, हा माणूस बाहेर येऊन काय सांगतो ते बघू. रस्त्यावरचा दगड उडून लागला म्हणाला तर मला काय कळणार होतं? माल खराब निघाला म्हणाला तर? गिअरबॉक्स खोलल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणाला असता तर मी मान डोलावली असती.

ते बाहेर आले. उठून बसले, पण उभे राहिले नाहीत. हात फडक्याला पुसले.

"भाई, तेल काढायचा बोल्टच नाही. पडला कुठंतरी," ते म्हणाले. मग म्हणाले, "गलती मेरीच है."

"कशी?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. तेल काढून झाल्यावर त्यांनी तो खालचा बोल्ट हातानं फिरवून लावला होता. पाना घेऊन आवळायचा तेवढ्यात घरून फोन आला, आईला श्वास घेता येईना म्हणून. ते तसेच दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी आले ते रात्रभर जागून. गाडी मला वेळेवर द्यायची म्हणून त्यांनी वरून तेल भरलं, आणि बोल्ट आवळलाय असंच धरून चालले. वॉशरसुद्धा टाकायचं राहिलं होतं. गाडी चालली तसं आधी थेंब थेंब तेल गेलं असणार, मग हादऱ्यानं बोल्ट सुटून पडला असणार, आणि हुमनाबादच्या पुढं गिअरबॉक्स कोरडा फिरत होता. कोरडे बेअरिंग तापून एकमेकांना चिकटले, आणि त्यांनी मागची चाकं धरली.

"फोनवर तेल नाही म्हणालात ना," ते म्हणाले, "तेव्हाच मला कळलं. वाटेत सगळं आठवत आलो."

मी तिथून निघालो आणि बागेच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. त्यांना मारावंसं वाटत होतं आणि त्यांच्याजवळ बसावंसंही वाटत होतं. यातलं काहीच केलं नाही. परत आलो तर अक्का त्यांच्यासमोर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी आज मेले असते," ती त्यांना म्हणाली. आवाज चढवून नाही, साधाच. "हा मेला असता. मग तुम्ही काय सांगितलं असतं?"

मिस्त्रींनी वर बघितलं. "हेच सांगितलं असतं, अक्का."

अक्कानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, "आई कशी हाय आता?"

"घरी आणलंय. बरी हाय."

"हात धुवा. दोन घास खावा." ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबून म्हणाली, "मी अजून रागातच हाय. जेवायला बोलावलं म्हणून राग गेला असं समजू नका."

"हौ," मिस्त्री म्हणाले.

उन्हं उतरायच्या आत शेवटची खेप गेली. ट्रॉलीत मधोमध आमटीचं आणि हुग्गीचं भांडं, कडेनं भाताची पातेली, वर पांढरी धुतलेली चादर बांधलेली, आणि भांड्यांना धरून बसलेल्या अक्का आणि अप्पांच्या घरच्या बाई. बाईंना कुणी चला म्हटलं नव्हतं. "हुग्गी मी ढवळलीय, लोक काय म्हणतात ते बघायला नको का," म्हणून त्या चढून बसल्या होत्या. निघताना त्यांनी गड्याकडून केळीचे पिकलेले घड ट्रॉलीत ठेवून घेतले. अप्पा इतके हळू ट्रॅक्टर चालवत होते की सायकलवाले आम्हाला मागं टाकत होते.

गावात पोचलो तेव्हा मांडव उभा होता. माझ्या माणसांबरोबर गावातल्या तरण्या पोरांनी पाईप जोडले होते. पडदे थोडे वाकडे होते, एका कोपऱ्याला रंग जुळला नव्हता. मुलीच्या वडिलांनी ट्रॉलीवरची चादर काढली, वाफ वर आली, आणि ते अप्पांचे दोन्ही हात धरून उभे राहिले. अप्पा संकोचून गेले होते. म्हणत होते, "आधी वाढा, थंड होतंय."

हुग्गी पहिली संपली. अप्पांच्या घरच्या बाईंनी ते स्वतः जाऊन कढईत वाकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी लग्न नीट लागलं. पांढऱ्या साडीतली ती मुलगी, शेजारी नवरा, समोर मेणबत्त्या, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलेलं त्रिशरण. अप्पा आणि बाई पुढच्या ओळीत बसले होते. मुलीच्या वडिलांनी त्यांना तिथंच बसवलं होतं. पाठवणीच्या वेळी मुलगी रडत रडत सगळ्यांच्या पाया पडत होती, ती त्यांच्याही पाया पडली आणि बाईंनी तिचं तोंड पदरानं पुसलं.

मला त्या दिवशी एका जागी बसवत नव्हतं. लग्न बघत होतो, पण मन गाडीपाशी होतं. जेवणं झाली तसा मी उताराकडं परत गेलो. मिस्त्री तिथंच होते. रात्री अप्पांच्या ओसरीवर झोपले होते. त्यांनी मागच्या चाकांकडं जाणारा जॉइंट सोडवून ठेवला होता, त्यामुळं चाकं मोकळी झाली होती. आम्ही ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी अप्पांच्या अंगणात ओढून घेतली आणि चिंचेखाली गिअरबॉक्स उतरवला.

झाकण उघडल्यावर आतलं मी बघितलं. बेअरिंग निळे-काळे पडले होते, दातांचे तुकडे तळाशी साचले होते. मिस्त्रींनी ते सगळं एका घमेल्यात काढलं आणि घमेलं आपल्या डोळ्यांसमोर राहील असं ठेवलं. पुढचे काही दिवस ते तिथंच राहिले. सामान आणायला कलबुर्गीला जायचे, परत यायचे, सावलीत बसून एकेक गिअर, एकेक बेअरिंग बसवायचे. मी मदतीला होतो. पहिल्या दिवशी आम्ही कामापुरतंच बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईचं सगळं दुखणं सांगितलं. मग मी माझ्या आईचं सांगितलं. बाई दोन्ही वेळेला जेवायला हाक मारायच्या. अप्पा संध्याकाळी शेजारी येऊन बसायचे आणि गिअर कसा बदलतो ते समजून घ्यायचे. त्यांना ट्रॅक्टर चालवता येत होता, पण आत काय चालतं ते कधी बघितलं नव्हतं म्हणायचे.

गिअरबॉक्स चढवून झाल्यावर मिस्त्रींनी मला गाडीखाली बोलावलं. खालचा बोल्ट त्यांनी नवीन वॉशर टाकून बसवला, पान्यानं आवळला, मग पाना माझ्या हातात दिला. मी जोर लावला, हलला नाही. मग त्यांनी पेटीतून पिवळ्या रंगाची डबी काढली आणि बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत एक रेघ मारली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. आता त्यांच्या गॅरेजमधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीखाली अशी रेघ असते. कुणी विचारलं तर ते माझ्या गाडीची गोष्ट सांगतात, स्वतःची चूक सांगतात, काही लपवत नाहीत. मी अजूनही त्यांच्याकडंच गाडी नेतो. लोक विचारतात, एवढं होऊन परत त्यांच्याकडंच का. मी म्हणतो, त्यांनी मला खरं सांगितलं. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

गाडी न्यायच्या दिवशी अक्का चिटगुप्प्याहून बसनं आली. बाईंसाठी तिनं घरचा मसाला आणला होता. दोघी बराच वेळ ओसरीवर बोलत बसल्या, एक कानडीत, एक मराठीत. मग गाडी सुरू झाली आणि अक्का केबिनच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली. दाराजवळच्या दांड्याला हात लावला, काढून घेतला.

"बसनं येते मी," ती म्हणाली.

"ये," मी म्हणालो. तिला आग्रह करायचं मला धाडस नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं पदर खोचला आणि वर चढली. दार ओढून घेतलं.

आम्हाला आधी खाली कमलापूरला जाऊन डिझेल भरायचं होतं, म्हणून मी गाडी उताराच्याच दिशेनं घेतली. गिअर खाली घेतला, दांडा अलगद बसला. आवाज नव्हता. उताराच्या तळाशी हॉटेलच्या पुढं एक लिंबाचं झाड आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. ती नुकतीच सुटली होती आणि पोरं त्या झाडाखाली बसची वाट बघत रस्त्याच्या अगदी कडेला उभी होती, दप्तरं पायाशी टाकून, एकमेकांना ढकलत. आमची गाडी त्या दिवशी साधारण याच वेळेला घसरत इथवर आली असती. मुरमाचा ढीग नसता तर.

मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून तसाच बसलो. अक्कानं आधी माझ्याकडं बघितलं, मग पोरांकडं. तिला विचारावं लागलं नाही. पोरांची बस आली, पोरं धक्काबुक्की करत चढली, बस निघून गेली. झाडाखाली कुणी उरलं नाही.

"चल आता," अक्का म्हणाली. "सावकाश."